पाहिल्याचा डाग

खाली जायचं असलं तरी या इमारतीतली लिफ्ट माणसाला आधी वर नेते. सकाळच्या गर्दीत ती लिफ्टच्या मागच्या कोपऱ्यात, आरशाला पाठ लावून उभी होती, म्हणून टायवाल्याला दिसली नाही. टायवाला म्हणजे वरच्या मजल्यावरच्या तेलक्षेत्र विभागातला इंजिनियर. त्याचं खरं नाव तिने कधी लक्षात ठेवलं नव्हतं. ज्या माणसात बघण्यासारखा फक्त टाय आहे त्याला नाव कशाला हवं, असं तिचं मत होतं. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "मीटिंगच्या आधी जरा तळघरात जाऊन येतो. फोटोवाल्या बाईंकडे. साहेबांच्या रिपोर्टला दोन-चार बरे फोटो लागणारच ना." पलीकडून काहीतरी विनोद झाला असावा, कारण तो घशातल्या घशात हसला, आणि ज्यांना विनोद ऐकूही आला नव्हता ते लिफ्टमधले आणखी दोघंतिघं हसले. या इमारतीत वर जाणारा माणूस हसला की बाकीच्यांना हसू येतं. दार उघडलं, टाय बाहेर पडला, आणि ती आणखी वर जाऊन मग सगळे मजले उतरत तळघरात आली. तेवढ्या वेळात तो शब्द तिच्या अंगात मुरला. फोटोवाल्या बाई. म्हणजे हनुवटी वर करा, जरा हसा, असं सांगणारी. बरं, शब्द टायवाल्याचा नव्हता. त्याला स्वतःचा शब्द सुचता तर काय हवं होतं. तो तिच्या नवऱ्याचा होता. मागे एकदा घरी पाहुणे जेवायला आले होते, तेव्हा नवरा पाण्याचा जग फिरवत म्हणाला होता, "आमच्या फोटोवाल्या बाईंसमोर सावरून बसा हं, त्यांना आतलं सगळं दिसतं." पाहुणे हसले आणि तीही हसली होती, कारण आपल्याच घरी, आपल्याच पाहुण्यांसमोर दुसरं काय करणार. आता घरात जन्मलेला शब्द ऑफिसात हिंडू लागला होता, आणि कधीपासून, हे बहुधा तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

तिची खोली तळघरात होती यालाही कारण होतं, पण ते समजून घेण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला हादरा चालत नाही. रस्त्यावरून ट्रक गेला, वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवलं, तरी पडद्यावरचं चित्र थरथरतं. म्हणून यंत्र जमिनीला टेकून ठेवलेलं, आणि यंत्रापाशी ती. वरच्यांना वाटे, बाईंना खाली टाकलंय. खिडकी नाही, बाहेर ऊन आहे की ढग ते कळायला मार्ग नाही, भिंतीला जुन्या रंगाचे पोपडे, आणि एक लांब टेबल, ज्यावर दगड. विहीर खणताना खोल जमिनीतून दगडाचा जो अखंड दंडगोल वर काढतात, त्याला कोअर म्हणतात. तो वर आल्या आल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर मेण ओतून बंद करायचा असतो, म्हणजे आतलं तेल आणि आतलं पाणी जिथल्या तिथे राहतं. हे असं बंद करून पाठवा, असं ती वर्षानुवर्षं सांगत आली होती, आणि वर्षानुवर्षं तिच्याकडे भाजीच्या पिशवीतून आणल्यासारखे वाळलेले तुकडे येत होते. या वेळी मात्र विहिरीवर कुणीतरी शहाणा निघाला होता. मेणाचं आवरण जाड होतं, फोडताना आतून ओलसर, उग्र वास आला. तिने त्यातली एक कपची काढली, अर्धवट गोठवलेल्या, दाटसर झालेल्या नायट्रोजनमध्ये बुडवली, आणि क्षणात कपचीच्या पोटातलं तेल नि खारं पाणी जिथे होतं तिथेच गोठलं. मग ती कपची यंत्राच्या पोटात सारून, आतली हवा काढून, आतल्याआतच सुरीच्या टोकाने फोडली, म्हणजे कधीच कुणी न पाहिलेला एक ताजा पृष्ठभाग उघडा पडला. हे सगळं तिच्या हातांनी केलं. हात इतक्या वर्षांचे सराईत होते की त्यांना तिची गरज लागत नसे. ती स्वतः अजून लिफ्टमध्येच होती.

फोटो हवेत लोकांना. दगडाच्या आतली जागा म्हणजे काय, हे या इमारतीत कुणाला पाहायचं नव्हतं, रिपोर्टच्या कोऱ्या जागेत काहीतरी करडं, गूढ दिसणारं चिकटवायचं होतं. टायवाला एकदा येऊन म्हणाला होता, मॅडम, जरा निळा रंग देता येईल का, प्रेझेंटेशनमध्ये उठून दिसेल. तिने त्याला बाहेर काढलं नव्हतं. तिने निळा रंग दिला होता, आणि त्याने तो फोटो उलटा लावला होता, आणि भरलेल्या खोलीत कुणालाही ते कळलं नव्हतं. ही गोष्ट ती मनात कितीतरी वेळा परत परत काढून पाहत असे. एखाद्याला जुन्या प्रेमपत्रांनी जितकं सुख होईल तितकं तिला त्या उलट्या फोटोने होई. आणि त्या खोलीत तिचा नवरा होता. नवरा भूगर्भशास्त्रज्ञ, मुख्य तज्ज्ञ, उद्या-परवा संचालक व्हायचा माणूस, आणि त्यालाही फोटो उलटा आहे हे दिसलं नव्हतं. बोलणं मात्र असं की ऐकणाऱ्याला आपल्यालाही सगळं समजतंय असं वाटावं. मोठे साहेब तर त्याच्या शब्दाखातर कशावरही पाणी सोडायला तयार. पाणीच सोडायचं होतं म्हणा: तो आज दुपारी ज्या रिपोर्टवर मोठ्या साहेबांची सही घेणार होता, त्यात म्हटलं होतं की या तेलक्षेत्रातला दगड पाण्याला धरून ठेवणारा आहे, तेव्हा आजूबाजूच्या विहिरींतून पाणी दाबलं की तेल आपसूक पुढे सरकेल आणि वर येईल. कणाकणाला पाणी चिकटलेलं असेल आणि तेल मधोमध मोकळं असेल तर हे खरं आहे. उलट असेल, तेलच कणांना चिकटलेलं असेल, तर दाबलेलं पाणी मधल्या वाटेने पळून जातं आणि तेल आत आहे तिथेच बसतं, कायमचं. एवढीच गोष्ट. एका कणाला कोण चिकटलंय, एवढंच पाहायचं. आणि नवऱ्याने ते कसं पाहिलं होतं? त्याच्या प्रयोगशाळेने दगड रसायनात धुतले, भट्टीत वाळवले, मग पुन्हा त्यात पाणी आणि तेल भरून तपासले. आंघोळ घालून, अंग पुसून, पावडर लावलेला दगड. त्याला विचारायचं, बाबा रे, तू मूळचा कसा होतास.

या माणसाशी आपण लग्न केलं, याचं तिला अधूनमधून खरोखरच नवल वाटे. तेव्हा तो वेगळा होता असं म्हणायची सोय आहे, पण तिला तसल्या सोयी आवडत नसत. तो असाच होता. तीच वेगळी होती. दोघं नोकरीला नवीन लागले होते, आणि तो स्वतःच्या हाताने दगडाचा तुकडा घेऊन तळघरात यायचा, त्या लाकडी स्टुलावर बसायचा, जे अजूनही कोपऱ्यात होतं आणि ज्यावर आता रिकामे डबे होते. पडद्यावर काय दिसतंय ते त्याला कळत नसे, पण कळत नाही हे तो सांगत असे. तेव्हा सांगत असे. एकदा पडद्यावर एक काळपट चौकोन दिसला, आणि तो उत्साहाने पुढे वाकून म्हणाला होता, "हे काय, तेल?" ती हसली होती. तिने त्याला सांगितलं होतं की यंत्राच्या आत कितीही हवा काढली तरी तेलकट वाफेचा अंश राहतोच, आणि इलेक्ट्रॉनचा झोत एकाच जागी फार वेळ फिरत राहिला की तो त्या वाफेला तिथल्या तिथे चिकटवतो. कार्बनचा पातळ थर बसतो. झोत चौकोनात फिरतो म्हणून डागही चौकोनी. म्हणजे ते दगडातलं काही नाही, ती आपल्याच बघण्याची घाण. म्हणून तर नमुना आत घालायच्या आधी शेजारच्या तांब्याच्या पट्टीला जोडलेल्या भांड्यात द्रव नायट्रोजन भरायचा, कोल्ड ट्रॅप म्हणतात त्याला, म्हणजे वाफ नमुन्याऐवजी त्या गार पट्टीवर जाऊन बसते. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला होता, "म्हणजे एका जागी फार वेळ बघायचं नाही." आणि पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत राहिला होता. हे त्या काळात तिला फार हुशारीचं वाटलं होतं. आता आठवलं की ती नाक मुरडायची, स्वतःवरच, आणि मग ती नाक मुरडण्याची सवय त्याच्यावर जाऊन स्थिरावायची.

खरं तर खोट काढत बघायची ही सवय तिच्या आईची. आई मुलांचे चेहरे हनुवटीला धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवायची आणि बघायची. कानामागे, मानेवर, नखांत. काही सापडलं नाही तरी बघत राहायची, आणि आपण स्वच्छ आहोत हे ठाऊक असूनही मुलाला हळूहळू मळकट वाटायला लागायचं. वडिलांकडेही ती तशीच बघायची. वडील जेवताना ताटावर अधिकाधिक वाकत जायचे. लहानपणी तिला आईचा राग यायचा, मोठेपणी मात्र तिला वाटू लागलं की आईचं काही चुकत नव्हतं, एवढंच की आई नीट बघायची, आणि नीट बघितलं की माणसं अशीच दिसतात. तिने नवऱ्याला नीट बघितलं होतं. तो चहा पिताना आवाज करतो, साहेबांशी फोनवर बोलताना उभा राहतो, आरशासमोर पोट आत घेतो, मुलीच्या लग्नात रडला आणि रडताना फोटोग्राफरकडे तोंड करून रडला. तिच्यापाशी असा मोठा साठा होता. रात्री तो घोरत असताना ती त्यातलं एकेक काढून उजेडात धरत असे, आणि ते दर वेळी आधीपेक्षा थोडं जास्त काळं निघे.

पडद्यावर वाळूचे कण आले. मोठे, गोलसर, एकमेकांना टेकलेले, आणि त्यांच्यामधल्या पोकळीत गोठलेले दोन पदार्थ: एक फिकट, खडबडीत, ते खारं पाणी, एक गडद, गुळगुळीत, ते तेल. कितीही वर्षं पाहिलं तरी हे दृश्य आलं की तिचा श्वास जरा मंदावत असे. कोट्यवधी वर्षं अंधारात असलेली एक जागा, आणि तिला पहिल्यांदा पाहणारी ती. तिने एका कणाची कड पकडली, जवळ गेली, आणखी जवळ गेली, आणि झोत तिथेच ठेवून क्ष-किरणांची तपासणी लावली: कार्बन म्हणजे तेल, क्लोरीन म्हणजे खारं पाणी. मोजणी चालू असताना तिने पडद्यावरची नजर काढली नाही. तिच्या डोक्यात टाय बोलत होता, लिफ्ट हसत होती, नवरा पाण्याचा जग फिरवत होता. मोजणी संपली तरी ती बघतच होती. आणि मग हळूहळू तिला ते दिसलं. कणाच्या कडेवर, दगडाला बिलगून, एक गडद थर. कार्बनचा आकडा चढलेला. मधे पाण्याचा मागमूस नाही. तेल, थेट दगडाला चिकटलेलं. नवऱ्याचा अख्खा रिपोर्ट एका कणाच्या कडेवर आडवा झाला होता. तिला इतका आनंद झाला की ती उठून खोलीत एक फेरी मारून आली. दर वेळी ती लोकांना बजावत असे की एक जागा म्हणजे पुरावा नाही, आणखी दोन जागा बघा, मग तोंड उघडा. एक फोटो घेऊन निष्कर्ष काढणाऱ्या किती जणांना तिने याच खोलीत रडकुंडीला आणलं होतं. आज तिला दुसरी जागा बघावीशी वाटली नाही. हीच पुरे होती. तिने थोडं मागे येऊन, कण नीट मधोमध घेऊन, फोटो काढला. हो, फोटो. फोटोवाल्या बाईंनी आज एक फोटो काढला होता. मग तिने मोठ्या साहेबांना फोन करून सांगितलं की सही करण्याआधी आपल्याला एक गोष्ट दाखवायची आहे, आणि त्यांनी जरा कुरकुरत मीटिंगला यायला सांगितलं.

टायवाला आलाच. तिने त्याला इतक्या गोड आवाजात सांगितलं की फोटो मी स्वतःच घेऊन येते, की तो दारातून मागे वळून दोनदा बघत गेला. जेवायच्या सुट्टीत ती नवऱ्याबरोबर कँटीनमध्ये बसली. एरवी ती डबा खालीच खायची. आज तिला त्याच्यासमोर बसायचं होतं. त्याला काही सांगायचं नव्हतं. आधी सांगितलं असतं तर त्याने सांभाळून घेण्याची काहीतरी वाट काढली असती, त्याचा सगळा जन्म सांभाळून घेण्यात गेला होता. तिला तो भरलेल्या खोलीत तोंडघशी पडलेला पाहायचा होता. हे तिने मनाशी स्पष्ट शब्दांत म्हटलं, आणि म्हटल्यावर तिला भूक लागली. ती चवीने जेवली. तो त्याच्या विभागातल्या कुणा शिपायाची गोष्ट सांगत होता, जी तो नेहमी सांगे आणि नेहमी शेवट विसरे, आणि ती चक्क हसली. मान मागे टाकून. त्याचा घास हातातच राहिला. "आज स्वारी अगदी खुशीत?" त्याने विचारलं. "काही नाही, काहीतरी चांगलं दिसलंय," ती म्हणाली, आणि त्याच्या ग्लासात पाणी ओतलं. तो पाणी प्यायला, आवाज करत, आणि आज तिला तो आवाजसुद्धा गोड लागला. बघ, ती मनात म्हणत होती, पी, पी.

मीटिंगच्या खोलीत खिडक्या होत्या. वरच्या लोकांना खिडक्या असतात आणि ते पडदे ओढून बसतात. मोठे साहेब मध्ये, टायवाला लॅपटॉपपाशी, बाकी खुर्च्यांवर नेहमीची मान डोलावणारी मंडळी, आणि नवरा साहेबांच्या उजव्या हाताला, हातात पेन फिरवत. नवऱ्याचं बोलणं झालं. चांगलं झालं, त्याचं नेहमीच चांगलं व्हायचं. मग साहेब म्हणाले, मॅडमना काहीतरी दाखवायचंय. ती उठली. तिचा फोटो भिंतीवर आला, माणसापेक्षा उंच, आणि तिने सांगितलं. कसा नमुना होता, मेण कसं अभंग होतं, काय गोठवलं, काय फोडलं, इथे कण आहे, इथे कडेला हा थर, हा कार्बन, हे तेल, आणि हे दगडाला चिकटलंय. धुतलेल्या दगडात हे दिसणार नाही, कारण तुम्ही ते धुऊन टाकलंत. या वाक्याला तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिला स्वतःचा आवाज स्वच्छ आणि उंच ऐकू येत होता. साहेब खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे पाणी दाबलं तर?" "तर पाणीच वर येईल, साहेब." साहेबांनी मान वळवली, आणि नवऱ्याला विचारलं, तुमचं काय म्हणणं.

नवरा उठला. तो काहीतरी गुळगुळीत बोलेल याची ती वाट पाहत होती, त्यासाठी तिने उत्तरंही तयार ठेवली होती. पण कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन तो भिंतीपाशी गेला, फोटोच्या इतका जवळ की करड्या कणांचा उजेड त्याच्या शर्टावर पडला. त्याने बोटाने त्या गडद थराची वरची कड गिरवली, जी कणाच्या सावलीत मिसळून त्याच्या वळणाबरोबर वळल्यासारखी दिसत होती. मग बोट खाली आलं, थर जिथे संपत होता तिथे, डाव्या कोपऱ्यात, आणि तिथे थांबलं. जरासंच. मग त्याने बोट उचललं आणि तिच्याकडे पाहिलं. आणि तिला तेव्हा दिसलं. खालची कड सरळ होती. पट्टीने मारावी तशी सरळ, आणि कोपऱ्यात काटकोनात वळलेली. तेलाला काटकोन येत नाही. कोल्ड ट्रॅपचं भांडं तिच्या डोळ्यांपुढे आलं: झाकण लावलेलं, त्याच्यावर सकाळी आल्या आल्या भिरकावलेला तिचा स्वेटर, आणि तो स्वेटर दुपारपर्यंत तिथून हललाच नव्हता. नवरा खोलीकडे वळून, नेहमीच्या आवाजात म्हणाला, "माझ्या रिपोर्टपेक्षा मॅडमच्या डोळ्यांवर माझा जास्त विश्वास आहे, साहेब. त्यांनी पाहिलंय म्हणजे ते तसं आहे. मी रिपोर्ट मागे घेतो." आणि जागेवर येऊन बसला, पेन उचललं, आणि पुन्हा फिरवायला लागला.

त्याला कळलं होतं. ज्याला उलटा फोटो कळत नाही, त्याला हा कोपरा कळला होता, तिच्या आधी, सगळ्यांच्या आधी. कदाचित उलटा फोटोही तेव्हा कळला असेल आणि त्याने टायवाल्याची लाज राखली असेल, कुणास ठाऊक. आता तिने फक्त बसायचं होतं. रिपोर्ट गेला, संचालकपद गेलं, तो तोंडघशी पडला, सगळं तिला हवं तसं, आणि बाकी खोलीत एकालाही काटकोन दिसला नव्हता नि जन्मात दिसला नसता. ती बसली नाही. यात खरेपणा वगैरे काही नव्हतं. दगडाबद्दल तिला त्या क्षणी काडीचं काही वाटत नव्हतं. या माणसाने आपल्याला सांभाळून घेतलं, हे तिच्या घशाखाली उतरेना, एवढंच. "साहेब," ती म्हणाली, "तो तेलाचा थर नाही. यंत्रातली घाण आहे, झोताने बसलेली. मी सकाळी ट्रॅप भरला नव्हता. रिपोर्ट बरोबर असेल, चूक असेल, पण या फोटोवरून काहीच सांगता येत नाही." साहेब बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुसल्यासारखे केले आणि म्हणाले, ठीक आहे, पुढच्या वेळी जरा नीट बघून सांगत चला मॅडम, आम्हाला इथे निर्णय घ्यावे लागतात. टायवाला खाली मान घालून फोनमध्ये हसत होता. ती म्हणाली की मेणातला बाकीचा तुकडा शिल्लक आहे, दोन दिवस द्या, मी नीट बघते. पण तोवर साहेबांनी सही केली होती. धुतलेल्या दगडाच्या शब्दावर पाणी सुटणार होतं, आणि खरं काय होतं ते यापुढे तिने पाहिलं, मोठ्याने ओरडून सांगितलं, तरी फोटोवाल्या बाईंचं ऐकणार कोण.

ती जिन्याने उतरली. तळघरात येऊन तिने स्वेटर उचलला, झाकण काढलं, आणि आता काही उपयोग नसताना ट्रॅपमध्ये नायट्रोजन ओतायला लागली. पांढरी वाफ टेबलावरून सांडत तिच्या पायांवर आली. मागे दार वाजलं. नवरा होता. या खोलीत तो किती वर्षांनी येत होता ते तिला आठवेना. त्याने कोपऱ्यातल्या स्टुलावरचे डबे एकेक करून खाली ठेवले, स्टूल हाताने झटकलं आणि बसला. जिंकलेला माणूस बसतो तसा बसला नाही. दमलेला दिसत होता. तिने ओतणं थांबवलं नाही.

"तुला दिसलं होतं."

"हो."

"मग गप्प का बसलास? माझ्यावर उपकार?"

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाला, "उपकार कसले. तू किती खुशीत होतीस. जेवताना हसलीस. मी आठवत होतो, तू अशी शेवटची कधी हसली होतीस, तर आठवलंच नाही. म्हटलं, जाऊ दे, रिपोर्ट काय, पुन्हा लिहिता येतो."

तिने भांडं खाली ठेवलं. काय हा मूर्ख माणूस, असं म्हणायला ती तयारच होती; बायको जेवताना हसली म्हणून कुणी अख्खं तेलक्षेत्र सोडून देतं का, या माणसाला ना दगडाची चाड ना कामाची. वाक्य जिभेवर आलं होतं, सगळा साठा मागे रांगेत उभा होता, पण पुढे काही सरकेना. ती कशाने हसली होती, हे त्याने विचारलं नव्हतं. त्याला ते ठाऊक होतं की नव्हतं, हे विचारायचा तिला धीर होईना. काहीतरी करायला हवं म्हणून तिने पडदा चालू केला. नमुना अजून आतच होता. तिने मागे, आणखी मागे येत सगळा पृष्ठभाग एका नजरेत आणला. फिकट करड्या दगडाच्या मधोमध तो चौकोन होता, चारही कोपरे नीट, गडद काळा.

नवरा स्टुलावरून पुढे वाकला. इतक्या वर्षांनी त्याला ते पुन्हा ओळखू आलं तसा जरासा हसला, आणि मग हसू विरलं.

"केवढा वेळ बघत होतीस गं," तो म्हणाला.

"फार वेळ," ती म्हणाली, आणि यंत्राचा झोत बंद केला.